कॅबिनेट चालू ठेव

डबी विटेएवढी. आत एकशे दहा ॲम्प,
त्यातला एकही मी कधी खांद्यावर वाहिला नाही.
बाजूला नवा स्पीकर, काळा, पंधरा किलो,
स्वतःची ताकद स्वतःच्या पोटात घेऊन आलेला.
बर्डीचा दुकानदार म्हणाला होता,
हा आपल्या पदरचं काही घालत नाही भाऊ,
द्याल ते देतो.
असा माणूस मी अख्ख्या नागपुरात पाहिला नाही,
म्हणून हप्त्यांवर घेतला.

पहिल्या दिवशी दिलं ते असं निघालं
की पत्र्यावर कोणी दाभण घासून राहिलं.
आतल्या खोलीत आईनं गॅस बंद केला,
तिला वाटलं कुकरचं काही बिनसलं.

संध्याकाळी लोमेश उके आला. पाचपावलीला
मंडपवाल्यांची मशिनं दुरुस्त करतो,
बोटांना कायम सोल्डरचा वास.
डबीवर एकदा नजर टाकली अन् म्हणाला,
"कॅबिनेट बंद काहून ठेवलं बे?"

मी म्हटलं, डेन्झिल सरांकडे खरं होतं. लाकडाचं.
त्यात हे खोटं कशाला मिसळू, म्हणून बंदच ठेवायचो.

"खरं होतं तेव्हा ठीक.
आता खरं कुठं आहे? मग खोटं चालू ठेव."

चालू केलं.
दाभण कापडात शिरलं.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात सर ॲम्प सुरू करायचे
अन् दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही.
मागे चार काचेचे दिवे हळूहळू केशरी व्हायचे,
धूळ जळाल्याचा वास सुटायचा.
डिसेंबरात मी पाठीमागं जाऊन हात शेकायचो,
सर म्हणायचे, ती शेगडी नाही माझ्या राजा.
मुलीकडे बिलासपूरला गेले तेव्हा
ॲम्प भंगारवाल्यानं किलोवर घेतला,
लोखंड वेगळं, लाकूड वेगळं.
मी तेव्हा पुण्यात होतो. हे कारण आहे
की सबब, अजून ठरलेलं नाही.

तर त्यांचा तो आवाज शोधला.
रात्री कूलरच्या घरघरीत, कानावर हेडफोन,
तीन आठवडे.
बास थोडा, अजून थोडा, वर मधासारखी एक धार.
एका रात्री सापडलाच. डोळे भरून आले,
किंवा घाम होता.

बुद्धपौर्णिमेचा प्रोग्राम. इंदोरा चौकाच्या मागची गल्ली,
खिरीचं पातेलं अजून निम्मं, पोरं समोर सतरंजीवर.
पहिलाच ठोका दिला अन् तो माझा मध
ढोलकीवर जाऊन सांडला.
पंचशीलाताईंचे शब्द दिसेनात.
त्यांनी मान वळवून एकदाच पाहिलं,
पुढच्या रांगेतल्या एका पोरानं कान दाबले.
खालून लोमेशनं हवेत कात्री चालवली.

कापलं. बास शंभराखालचा सगळा.
वरची धारही. रात्री जे जे गोड लागलं होतं
ते भर गाण्यात, अंगठ्यानं, एकेक.
उरलं ते सुकं, हडकुळं,
घरी ऐकलं असतं तर लाज वाटली असती.
पण ताईंच्या शब्दांना पाय पसरायला जागा झाली,
ढोलकीवाला उपाश्या गालात हसला,
अन् तिसऱ्या कडव्यात मी स्वतःला
ऐकायचं विसरलो.

दोन वाजता तारा गुंडाळल्या.
डबीनं विचारलं, या आवाजाचं नाव?
डेन्झिल लिहिलं. खोडलं.
'इंदोरा' लिहिलं, तेही नीट वाटेना,
शेवटी तारीख टाकली.

बटन दाबताच स्पीकर एकदम गप्प.
मागे कुठलाच दिवा नाही हळूहळू विझायला.
तरी सवयीनं पाठीवर हात ठेवून पाहिला.
कोमट होती.
पण मे महिन्यात नागपुरात
रात्री दोनला भिंतही कोमट असते.
त्यावरून काही सांगता येत नाही.